दोन तलवारी आणि त्यांचे कागद

क्योतो शहराच्या उत्तर भागात फुनाओका नावाची टेकडी आहे. तिच्यावर केन्कुन देवस्थान आहे. सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागा याच्या स्मरणार्थ सम्राट मेइजीच्या आज्ञेने १८६९ साली या देवस्थानाची प्रतिष्ठापना झाली. या देवस्थानाच्या मालकीची एक तलवार आहे. पात्याची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर. मूठ उतरवली की आतला काळपट, गंजलेला भाग उघडा पडतो आणि त्या गंजावर सोने भरून कोरलेली अक्षरे दिसतात. एका बाजूचा मजकूर असा, की एइरोकु शकाच्या तिसऱ्या वर्षी, पाचव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी योशिमोतोला ठार केले, त्या वेळी त्याच्याजवळ असलेली ही तलवार. दुसऱ्या बाजूला नाव आहे: ओदा ओवारी नो कामी नोबुनागा.

ही तिथी ओकेहाझामाच्या लढाईची. युरोपात त्या काळी चालू असलेल्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे १२ जून १५६०. इमागावा योशिमोतो हा पूर्वेकडचा बलाढ्य सरदार मोठी फौज घेऊन नोबुनागाच्या ओवारी प्रांतात उतरला होता. मुसळधार पावसानंतर नोबुनागाने लहानशा तुकडीनिशी त्याच्या छावणीवर झडप घातली आणि योशिमोतो मारला गेला. जपानच्या इतिहासाला वळण देणाऱ्या लढायांत तिची गणना होते. केन्कुन देवस्थानातील ही तलवार ‘योशिमोतो सामोन्जी’ किंवा ‘सोझा सामोन्जी’ या नावांनी ओळखली जाते. ती त्या दिवशी खरोखर योशिमोतोच्या कमरेला होती, हे आज कशाच्या आधारावर म्हणायचे? सोन्याची अक्षरे कोणालाही, कधीही कोरता येतात. म्हणून अक्षरांआधी पाते वाचले पाहिजे.

जपानी तलवार ओळखणारा जाणकार पात्याची तपासणी एका ठरावीक क्रमाने करतो. आधी घडण: लांबी, रुंदी, बाक कुठून सुरू होतो, टोक आखूड की लांबट. त्यावरून काळाचा अंदाज येतो. चौदाव्या शतकातली पाती रुंद आणि लांब टोकाची असत. त्यानंतर पोलादाचा पोत पाहायचा. पुन्हा पुन्हा दुमडून घडवलेल्या पोलादावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते आणि घराण्याघराण्याची नक्षी वेगळी असते. मग येते पाण्याची रेघ, म्हणजे ‘हामोन’. लोहार पात्याला मातीचा लेप देतो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. पाते लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते, तिच्यातून त्या लोहाराचा हात ओळखता येतो. सरळ, लाटांसारखी, लवंगेच्या कळ्यांसारखी, असे तिचे कितीतरी प्रकार आहेत.

सर्वांत शेवटी मूठ. बांबूचा एक लहान खिळा काढला की मूठ सुटते आणि आतला ‘नाकागो’, म्हणजे मुठीत शिरणारा भाग हाती येतो. हा भाग कधीही घासत नाहीत. शतकानुशतके धरलेल्या गंजाचा रंग, कानशीच्या रेघांची दिशा, खिळ्यासाठी पाडलेल्या भोकांची संख्या, टोकाचा आकार आणि लोहाराची सही, हे सगळे तिथेच असते. सही खरी की मागाहून घातलेली, तेही त्याच गंजावरून कळते. खऱ्या सहीच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजाच्याच वयाचा असतो. गंजावर नव्याने छिन्नी चालवली, की खाचेच्या कडा आणि रंग बोलू लागतात.

योशिमोतो सामोन्जीच्या बाबतीत मात्र यातल्या बहुतेक खुणा पुसल्या गेल्या आहेत. सामोन्जी हे त्सुकुशी भागातील, आजच्या फुकुओका परिसरातील, चौदाव्या शतकातल्या एका घराण्याचे नाव. त्याचा प्रमुख लोहार नाव म्हणून ‘सा’ एवढेच एक अक्षर कोरत असे. त्याच्या सहीचे खंजीर बरेच आहेत. सहीची लांब तलवार मात्र ‘कोसेत्सु सामोन्जी’ ही एकच टिकली आहे, आणि तिला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. योशिमोतोची तलवार मुळात जास्त लांब होती आणि पुढे ती आखूड करण्यात आली. तलवार आखूड करताना टोकाला हात लावत नाहीत. मुठीकडचा भाग कापतात आणि धारेची सुरुवात वर सरकवतात. लोहाराची सही असलेला तुकडाच त्यात निघून जातो. या तलवारीवर मूळ सही असलीच, तर ती अशी गेली.

दुसरा घाव आगीचा. १६५७ च्या मार्च महिन्यात एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, मेइरेकी नावाने ओळखली जाणारी भीषण आग लागली. शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाच्या, किल्ल्याचा मुख्य मनोरा तीत खाक झाला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही. किल्ल्यातल्या खजिन्यातील कितीतरी नामांकित तलवारी तीत भाजल्या, त्यांत हीही होती. आगीत पोलाद सावकाश तापते आणि सावकाशच थंड होते. धारेचे कठीणपण जाते आणि हामोन नाहीसा होतो. अशा पात्याला पुन्हा पाणी देता येते. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा जळालेल्या तोयोतोमी घराण्याच्या तलवारींना विजेत्या तोकुगावा इएयासुने एचिझेनच्या यासुत्सुगु या लोहाराकडून नव्याने पाणी देववले होते. पण असा हामोन हा दुसऱ्याचा हात असतो. योशिमोतो सामोन्जीलाही पुन्हा पाणी दिलेले आहे. म्हणजे आज तिच्यावर जी रेघ दिसते ती चौदाव्या शतकातल्या लोहाराची नाही.

सही नाही, मूळ हामोन नाही. अशा पात्याच्या ओळखीचा भार मग कागदावर येतो.

पहिला कागद ‘शिन्चो कोकी’ हा ग्रंथ. नोबुनागाच्या पदरी धनुर्धर म्हणून चाकरी केलेल्या ओता ग्यूइचिने धन्याच्या मृत्यूनंतर तो लिहून पूर्ण केला. १५६८ पूर्वीच्या हकिगती त्याने सुरुवातीच्या स्वतंत्र खंडात घातल्या आहेत आणि ओकेहाझामाचे वर्णन त्यात येते. लढाई संपल्यावरच्या गोष्टी सांगताना तो लिहितो, की योशिमोतो नेहमी कमरेला लावत असलेली, त्याच्या खास आवडीची नामांकित सामोन्जी तलवार नोबुनागाकडे आणली गेली. त्याने ती अनेकदा चालवून पाहायला लावली आणि पुढे स्वतः कायम वापरली.

या नोंदीचे वजन किती धरायचे? ग्यूइचि हा नोबुनागाचा माणूस, आणि इमागावा फौजेचा आकडा तो ४५,००० देतो. आजचे अभ्यासक साधारण २५,००० च्या पुढे जात नाहीत. धन्याचा विजय मोठा दिसावा म्हणून शत्रूची संख्या फुगवणे आपल्या बखरींच्या वाचकांना नवीन नाही. पण आकडा फुगवण्यामागे जो हेतू दिसतो तो तलवारीच्या नोंदीत दिसत नाही. शिवाय ‘कायम वापरली’ हे वाक्य ज्याने धन्याला रोज पाहिले आहे अशा चाकराचे आहे. तलवार सामोन्जीची होती, योशिमोतोची होती आणि नोबुनागाच्या कमरेला होती, या तीन गोष्टींसाठी ग्यूइचिची साक्ष ग्राह्य धरण्यात अडचण नाही. फौजेच्या आकड्यासाठी मात्र ती जशीच्या तशी घेऊ नये. एकाच ग्रंथातली वाक्ये वेगवेगळ्या वजनाची असतात आणि ती एकेक करून तोलावी लागतात.

आता सोन्याची अक्षरे. त्यांत लढाईचा दिवस आहे. पण ती त्याच दिवशी किंवा त्याच वर्षी कोरली असे त्यावरून ठरत नाही. नोबुनागाने स्वतःला लावलेल्या पदव्या काळाप्रमाणे बदलत गेल्या. १५६० च्या सुमारास तो ‘काझुसा नो सुके’ म्हणवून घेत होता. ‘ओवारी नो कामी’ ही पदवी त्याच्या नावापुढे येते ती काही वर्षांनी, १५६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अक्षरांत ‘ओवारी नो कामी’ आहे. म्हणजे लेख लढाईनंतर काही वर्षांनी कोरला असण्याचा संभव अधिक. यामुळे लेख खोटा ठरत नाही. उलट, मागाहून बनाव रचणाऱ्याने नोबुनागाची सर्वांत प्रसिद्ध आणि मोठी पदवी वापरली असती, मोजकी वर्षे चाललेली ही पदवी उचलली नसती. नोबुनागा आपल्या आयुष्याच्या एका विशिष्ट टप्प्यावर, क्योतोच्या वाटेवर असताना, या विजयाची कायमची नोंद करून ठेवत होता, असा अर्थ त्यातून निघतो. इमागावांच्या पराभवाचे मोल त्याला तोवर पुरते कळले असणार.

लढाईच्या आधीचा आणि नंतरचा प्रवास सांगणारे दुवे सारख्या बळाचे नाहीत. परंपरा सांगते की ही तलवार आधी मियोशी मासानागा या सरदाराची होती. दीक्षेनंतर त्याने घेतलेल्या नावावरून तिला ‘सोझा’ हे नाव पडले. तिथून ती काई प्रांताच्या ताकेदा नोबुतोराकडे गेली आणि त्याच्याकडून योशिमोतोकडे. या शेवटच्या हस्तांतराला एक भक्कम संदर्भ आहे. नोबुतोराच्या मुलीचे लग्न १५३७ साली योशिमोतोशी झाले, आणि १५४१ साली मुलाने, म्हणजे प्रसिद्ध ताकेदा शिंगेनने, बापाला प्रांताबाहेर घालवले तेव्हा नोबुतोरा याच जावयाच्या आश्रयाला आला. दोन घरांत तलवारीची देवघेव होण्यासारखे नाते होते, एवढे यातून सिद्ध होते. हीच तलवार दिली गेली याला आधार परंपरेचाच राहतो.

१५८२ साली क्योतोच्या होन्नो मठात नोबुनागाचा शेवट झाला. त्यानंतर तलवार त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीकडे, त्याच्या मुलाकडे म्हणजे हिदेयोरीकडे, आणि मग तोकुगावा इएयासुकडे गेली. होन्नो मठातल्या आगीतून ती कशी बाहेर पडली याबद्दल गोष्टी सांगितल्या जातात; त्यांना मी पुरावा मानत नाही. इएयासुच्या पुढे मात्र जमीन पक्की होते. तलवार शोगुन घराण्यात एका शोगुनकडून दुसऱ्याकडे जात राहिली, तिथेच ती १६५७ च्या आगीत सापडली, आणि शोगुनशाही संपल्यावर तोकुगावा घराण्याने ती नोबुनागाच्या देवस्थानाला अर्पण केली. जिने योशिमोतोच्या हातून नोबुनागाकडे आणि पुढे हिदेयोशी, इएयासु यांच्याकडे प्रवास केला, तिच्याकडे सत्तेचीच खूण म्हणून पाहिले जात होते. म्हणून जळाल्यावरही ती टाकून दिली गेली नाही, आणि म्हणूनच तिचा माग ठेवला गेला.

माग ठेवणाऱ्यांत एका घराण्याचे काम सर्वांत मोठे: होनामी. तलवारींना धार आणि झिलई देणे, त्यांची निगा राखणे आणि त्यांची पारख करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस होनामी कोतोकुने हिदेयोशीच्या संग्रहातील तलवारींची रेखाटने केली. पात्याची बाह्यरेषा, हामोनची प्रत्येक लाट, मुठीतल्या भागाची भोके आणि अक्षरे, सगळे त्यांत आहे. अशा रेखाटनाला किंवा ठशाला ‘ओशिगाता’ म्हणतात. छायाचित्रण जन्माला येण्याच्या अडीचशे वर्षे आधी प्रत्येक तलवारीची ओळखपत्रे तयार करण्याचे हे काम होते. ज्या पात्यांची सही कापली गेली, त्यांवर आपला निर्णय सोन्याच्या अक्षरांत भरण्याची रीतही होनामींनी रूढ केली. फुकुओका शहराच्या संग्रहालयात ‘हेशिकिरी’ नावाची तलवार आहे. तिच्या नाकागोवर एका बाजूला लोहार हासेबे कुनिशिगेचे नाव, होनामींची खूण आणि कोतोकुचे चिन्ह आहे. दुसऱ्या बाजूला मालक म्हणून कुरोदा घराण्याच्या सरदाराचे नाव. पारखी आणि मालक दोघे एकाच लोखंडावर साक्षीला उभे आहेत. योशिमोतो सामोन्जीवर पारख्याची साक्ष नाही, विजेत्याची आहे. म्हणून तिला ग्रंथाच्या आधाराची गरज अधिक.

होनामी पारखीचा दाखलाही देत. जाड कागद आडवा दुमडून त्यावर तलवारीचे वर्णन, लोहाराचे नाव आणि सोन्याच्या नाण्यांत किंमत लिहीत आणि मागे शिक्का मारीत. या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. घराण्याचे जाणकार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी एकत्र बसून निर्णय देत, म्हणून दाखल्यावर तिसऱ्या दिवसाची तारीख असते. दुसऱ्याच एखाद्या दिवसाची तारीख घातलेला होनामी दाखला हाती आला, तर मजकूर वाचण्याआधीच अभ्यासक सावध होतो. अस्सल पत्रे आणि बनावट पत्रे निवडण्यात आयुष्य घालवलेल्या आपल्याकडच्या इतिहास संशोधकांना ही कसोटी तत्काळ पटली असती.

या सगळ्या परंपरेचा कळस म्हणजे १७१९ साली शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून होनामी कोचूने सादर केलेली नामांकित तलवारींची यादी, ‘क्योहो मेइबुत्सुचो’. कोणती तलवार, तिला नाव का पडले, लांबी किती, कोणाकोणाच्या हातून गेली आणि आज कोणाकडे, असा तिचा साचा. तिची विशेष गोष्ट अशी, की ओसाका आणि एदोच्या आगींत जळालेल्या तलवारींचा तीत वेगळा विभाग केला आहे. जे नाहीसे झाले किंवा बिघडले, तेही टिपून ठेवायचे. ही शिस्त नसती, तर पुढच्या दोन शतकांत जळक्या पात्यांची नावेच विसरली गेली असती.

तलवारीबरोबर येणाऱ्या साजाची ओळख वेगळ्या वाटेने करावी लागते. हाताचे रक्षण करणारी तबकडी म्हणजे ‘त्सुबा’, मुठीच्या वेष्टणाखाली बसवलेली ‘मेनुकी’ नावाची दोन लहान नक्षीदार अलंकरणे, म्यानाच्या खाचेत राहणारी छोटी सुरी आणि केसांसाठीची ‘कोगाई’ ही काडी, हे सारे धातुकाम. त्यात गोतो घराणे अग्रेसर. पंधराव्या शतकात गोतो यूजोने आशिकागा शोगुनच्या आश्रयाने त्याची सुरुवात केली. त्यांचा आवडता धातू ‘शाकुदो’: तांब्यात थोडे सोने घालून केलेला आणि रासायनिक प्रक्रियेने निळसर काळा केलेला. त्यावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे एकेक ठोकून ओळीत उठवत. भिंगाखाली त्या ओळी पाहिल्या की अस्सल काम आणि साच्यातून ओतलेली नक्कल यांतला फरक दिसतो. ठोकलेला प्रत्येक दाणा सुटा आणि गोल असतो. ओतलेल्या तुकड्यात दाण्यांच्या मधल्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. गोतोंच्या पहिल्या पिढ्या सही करत नसत. पुढच्या वंशजांनी पूर्वजांच्या कामांवर त्यांची नावे कोरली आणि होनामींप्रमाणेच कागदी दाखले दिले.

पण साज कितीही अस्सल असला तरी तो पात्याची साक्ष देऊ शकत नाही. मूठ, त्सुबा, म्यान ही वेळोवेळी बदलत. एकाच पात्याला दरबारी आणि रोजचा असे दोन वेगळे साज असत. मराठ्यांच्या फिरंगेची मूठ इथली आणि पाते युरोपातले असते, तिथे मुठीवरून पात्याचे गाव सांगायला गेलो तर जशी चूक होईल, तशीच इथेही होईल. २८ मार्च १८७६ च्या सरकारी हुकुमाने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली, तेव्हा हा धोका अनेक पटींनी वाढला. साज पात्यांपासून सुटे झाले आणि हजारो त्सुबा, मेनुकी युरोप-अमेरिकेच्या बाजारात आणि पुढे संग्रहालयांत पोहोचल्या. आज एकत्र दिसणारे पाते आणि साज एकत्र जन्मले, असे गृहीत धरायला पुरावा लागतो.

आता दुसरी तलवार. तिची कागदपत्रे पहिलीपेक्षाही भरघोस आहेत. तलवार मात्र नाही.

मासामुने हा तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या आरंभी सागामी प्रांतातील कामाकुरात होऊन गेलेला लोहार. जपानी परंपरेत त्याच्याएवढे नाव दुसऱ्या कोणाचे नाही. त्याने क्वचितच सही केली. त्यामुळे त्याच्या पात्यांची ओळख हामोन आणि पोलादाचा पोत यांवर, आणि हातोहातीच्या नोंदींवर अवलंबून असते. ‘होन्जो मासामुने’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध पाते. या तलवारीचे नाव उएसुगी घराण्याचा सेनापती होन्जो शिगेनागा याच्यावरून पडले. एका शत्रूने या तलवारीने शिगेनागाच्या शिरस्त्राणावर वार केला, शिरस्त्राण फुटले, शिगेनागा वाचला, आणि शत्रूला मारून त्याने तलवार घेतली, अशी कथा आहे. परदेशी पुस्तकांत ही घटना १५६१ च्या कावानाकाजिमाच्या लढाईत घातलेली आढळते. जपानी परंपरा मात्र ती १५८८ साली, शोनाई भागातल्या जूगोरिगाहाराच्या लढाईत सांगते. शत्रूचे नाव इथे निर्णायक ठरते. कथेतला उमा नो कामी हा तोझेन्जी घराण्याचा, आणि ते घराणे शोनाईच्या संघर्षातले आहे. कावानाकाजिमात ताकेदांशी गाठ होती. तिथे या माणसाचे काम नाही. १५८८ हेच साल स्वीकारले पाहिजे.

पुढचा दुवा पैशांचा आहे. शिगेनागा क्योतोजवळच्या फुशिमीत असताना त्याने गरजेपोटी ती १३ ओबानांना विकली आणि ती हिदेयोशीचा पुतण्या हिदेत्सुगु याच्याकडे गेली. ओबान म्हणजे हिदेयोशीच्या काळी गोतो घराण्यानेच पाडलेले, सुमारे १६५ ग्रॅमचे सोन्याचे मोठे नाणे. या व्यवहाराचे वर्ष चौकटीत बसवता येते. फुशिमीच्या किल्ल्याचे बांधकाम १५९२ पासून सुरू झाले आणि हिदेत्सुगुला १५९५ साली आत्महत्या करावी लागली. विक्री या तीन वर्षांतली. मग हिदेयोशी, शिमाझु योशिहिरो, तोकुगावा इएयासु, त्याचा मुलगा आणि तोकुगावांच्या किइ शाखेचा मूळपुरुष योरिनोबू, असा तिचा प्रवास. योरिनोबूने १६६७ साली निवृत्त होताना ती शोगुन इएत्सुनाला दिली. म्हणजे १६५७ च्या आगीच्या वेळी ती शोगुनच्या त्या खजिन्यात नव्हती. योशिमोतो सामोन्जीचा घात करणाऱ्या ज्वाळांतून ती अशी निसटली. पुढे ती तोकुगावांच्या मुख्य घराण्यातच राहिली आणि १९३९ मध्ये तत्कालीन कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ठेवा म्हणून तिची नोंद झाली.

दुसरे महायुद्ध संपले. शरणागतीच्या अटींप्रमाणे जनतेकडची शस्त्रेही जमा करायची होती आणि व्याप्त जपानमध्ये तलवार हे शस्त्रच मानले गेले. घराण्याचे प्रमुख तोकुगावा इएमासा यांनी डिसेंबर १९४५ मध्ये आपल्या तलवारी टोकियोतील मेजिरो पोलिस ठाण्यात स्वतःहून जमा केल्या. त्यांत होन्जो मासामुने होती. जानेवारी १९४६ मध्ये ठाण्याने त्या एका अमेरिकी सार्जंटच्या स्वाधीन केल्या. त्याचे नाव जपानी उच्चारातून उतरवलेले, ‘कोल्डी बायमोर’ अशा काहीशा रूपात सांगितले जाते. या नावाचा सैनिक अमेरिकी दप्तरात मिळालेला नाही. साडेतीनशे वर्षांची साखळी इथे, एका अशुद्ध लेखनाच्या नावावर, तुटते.

ही घटना एकटी नव्हती. लाखो तलवारी गोळा होत होत्या. त्यांतल्या कित्येक वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या, सैनिकांबरोबर गेल्या. होम्मा जुन्जी आणि सातो कान्इचि या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेच्या आठव्या सैन्याचे अधिकारी कर्नल कॅडवेल यांना पटवून दिले, की कलाकृती म्हणून घडवलेली पाती शस्त्रांच्या ढिगात जाऊ नयेत. १९४६ मध्ये अशा पात्यांना सवलत मिळाली. टोकियोतील आकाबाने येथील कोठारातून बाजूला काढलेल्या पाच हजारांहून अधिक तलवारी पुढे राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आल्या. १९४८ साली याच अभ्यासकांच्या पुढाकाराने जपानी कला-तलवार संरक्षण संस्था उभी राहिली. ती आजही पात्यांना पारखीचे दाखले देते. होन्जो मासामुने मात्र सवलत येण्याआधी काही महिने हातची गेली होती.

ती परत सापडली तर ओळखता येईल का? येईल, असे मला ठामपणे वाटते. तिची लांबी नोंदलेली आहे, ६५ सेंटिमीटरच्या किंचित वर. ती आखूड केलेली आणि बिनसहीची आहे. तिच्या हामोनची रेखाटने उपलब्ध आहेत. दोन पात्यांचे हामोन कधीच तंतोतंत सारखे नसतात. नवे पाते पुढे ठेवले, तर त्याची रेघ रेखाटनाशी लाटेगणिक ताडून पाहता येईल. असे घडलेही आहे. ‘शिमाझु मासामुने’ नावाचे पाते १८६२ साली राजकन्या काझुनोमियाच्या शोगुनशी झालेल्या विवाहाच्या निमित्ताने राजघराण्याला दिले गेले आणि नंतर जवळजवळ दीडशे वर्षे अभ्यासकांच्या नजरेआड होते. अलीकडे क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट मिळालेले एक पाते जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर तेच असल्याचे ठरले. कागद तेवढी वर्षे वाट पाहत राहिले आणि कामास आले.

या दोन तलवारींतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. लोखंडाला कागदाची गरज असते आणि कागदाला लोखंडाची. योशिमोतो सामोन्जीच्या शरीरावरच्या बहुतेक मूळ खुणा पुसल्या गेल्या. ग्यूइचिची नोंद, सोन्याची अक्षरे आणि शोगुन घराण्याची मालकी या तीन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळतात म्हणून तिची ओळख टिकली. होन्जो मासामुनेचे कागद पूर्ण आहेत आणि ते एका पात्याची वाट पाहत आहेत.

हे पाते जपानबाहेर कुठेही असू शकते. आणि असे बाहेर गेलेले ते एकटेच जुने पाते नाही. युद्धात अनेक जपानी अधिकारी घरची जुनी पाती लष्करी साजात बसवून आघाडीवर नेत. बर्मात आणि मलायात शरण आलेल्यांकडून घेतलेल्या तलवारी ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि भारतातही आल्या; बर्माच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही लढल्या होत्या. अशा तलवारींपैकी बहुसंख्य युद्धकाळात कारखान्यांत घडवलेल्या आहेत आणि त्यांच्या नाकागोवर सेकी शहराचा किंवा शोवा काळाचा ठसा मारलेला सापडतो. पण लष्करी म्यानात चारशे वर्षांपूर्वीचे पातेही निघते. ज्याच्या घरी अशी तलवार असेल त्याने एक पथ्य पाळावे: मुठीतल्या भागाचा गंज घासू नये, तिथे तेल किंवा लिंबू लावू नये, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडूही चोळू नये. आहे तसे स्वच्छ प्रकाशात दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, लांबी मोजावी, भोके मोजावीत, तलवार घरात कोणाकडून आणि कुठल्या साली आली ते आजच लिहून काढावे, आणि मग जाणकाराला दाखवावे. तो गंज आणि ती चार ओळींची टिपणे, दोन्ही दस्तऐवजच आहेत.